हजार डॉलरचा डबा

सिंगापूरमधल्या आमच्या ग्रुपचं नाव ‘ईस्ट कोस्ट सायकल मंडळ’ असलं तरी सायकलशी आमचा संबंध रविवारी सकाळी सात ते पावणेआठ एवढाच. नंतर हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत बसायचं, कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवायची आणि मागच्या रविवारी सांगितलेलाच किस्सा पुन्हा सांगायचा. दर वेळी सांगणाऱ्याचा त्यातला वाटा थोडा वाढतो. अशाने आमच्याकडे एवढा साठा झालाय की मंडळात नवा माणूस आला की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, “केतकीच्या कॉम्प्युटरपासून कर.” आणि सगळे माझ्याकडे बघतात. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या चुका न चिडता लिहून ठेवायचा मला पगार मिळतो.

तेव्हा माणसं आधी सांगते. फाटक प्रोजेक्ट मॅनेजर, मूळचे सदाशिव पेठेतले. देवधर आर्किटेक्ट, म्हणजे घरांचे नव्हे, सॉफ्टवेअरचे. मी मेधा. आम्हा तिघांची ऑफिसं वन-नॉर्थ ह्या भागात, एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर. चौथे गावडे, मालवणचे, बोटीवर चीफ इंजिनिअर. ते वर्षातले सात महिने समुद्रात असतात, त्यामुळे मंडळात त्यांच्या वतीने गावडे वहिनी येतात. वहिनी सायकल चालवत नाहीत. त्या बाकावर बसून आमच्या पिशव्या सांभाळतात आणि आम्ही किती लवकर परत आलो ते सांगतात.

आणि केतकी ही गावड्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

*

गावडे घरी असले की जेवायला बोलवायला उत्तम माणूस. समोर वाढलेलं संपवतात, नावं ठेवत नाहीत. जेवण झालं की पोटावर हात ठेवून म्हणतात, “फिनिश्ड विथ इंजिन.” बोट नांगरली की वरून कॅप्टन इंजिन रूमला हा निरोप देतो. म्हणजे आता इंजिन लागणार नाही, तुमचं काम संपलं. हा निरोप येईपर्यंत खाली कुणी जागा सोडायची नाही, असा नियम.

एकदा आमच्याकडे त्यांनी हे म्हटल्यावर मी ताट उचलायला गेले, तर म्हणाले, “थांब. इंजिन बंद केलं तरी थंड पाणी लगेच बंद करायचं नसतं. थोडा वेळ फिरत ठेवायचं.” आणि दहा मिनिटं ताटावरच बसून ताक प्यायले.

वहिनींना हे अजिबात आवडत नाही. लग्न झाल्यावर त्या चार महिने त्यांच्याबरोबर बोटीवर राहिल्या होत्या. कसं होतं विचारलं की सांगतात, “डिझेलचा वास यायचा.” त्यापलीकडे त्या चार महिन्यांबद्दल एक शब्द नाही. आणि गावडे असलं काही बोलले की दर वेळी एकच वाक्य: “अहो, घरात बोट आणू नका.”

*

एका नोव्हेंबरात गावड्यांची मेल आली. फाटक, देवधर आणि मी अशा तिघांना. “केतकीला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे. बजेट हजार डॉलर, मॉनिटर धरून. तुम्ही सगळे कॉम्प्युटरवाले. मी इंजिनवाला. कृपया बघावे.”

आम्ही तिघांनी पाच मिनिटांत उत्तर पाठवलं की काळजी नसावी.

नंतर लक्षात आलं की आम्हा तिघांची कॉम्प्युटरमध्ये मिळून पन्नासेक वर्षं गेली असली, तरी गेल्या दहा वर्षांत एकानेही कॉम्प्युटर विकत घेतलेला नव्हता. ऑफिस देतं, आपण वापरतो. बिघडला की हेल्पडेस्कला फोन करतो, एक मुलगा येतो आणि घेऊन जातो. आत काय असतं ते आम्हाला आकृतीत माहीत होतं.

फाटकांची तर कमाल होती. त्यांच्या घरचा मॉनिटर एकदा लागेना, तेव्हा त्यांनी सवयीने ऑफिसच्या हेल्पडेस्कला फोन लावला. तिकडच्या मुलाने ॲसेट नंबर, म्हणजे कंपनीच्या वस्तूवर चिकटवलेला नंबर, विचारला. फाटकांनी मॉनिटर उलटा करून पाच मिनिटं नंबर शोधला आणि सांगितलं, “नंबर नाहीये. बहुतेक माझाच आहे.”

*

पहिली मीटिंग गावड्यांच्या हॉलमध्ये झाली. फाटकांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘गरज काय आहे?’

केतकीने सांगितलं, आणि नीट सांगितलं. कॉलेजची पाच जणांची गेमिंगची टीम आहे, आंतर-कॉलेज स्पर्धेसाठी. एक जागा रिकामी झालीय. त्या जागेसाठी दोन जणी आहेत, ती आणि आणखी एक. चायनीज न्यू इयरच्या चौथ्या दिवशी दुपारी दोन ते चार ट्रायल, घरूनच, ऑनलाइन. टीमची कॅप्टन जास्मिन हिने दिवस मुद्दाम तो निवडला होता. “By then everybody’s relatives finish already lah,” म्हणजे तोवर सगळ्यांचं नातेवाइकांकडे जाणं-येणं संपलेलं, असं तिचं म्हणणं. केतकीकडे जो लॅपटॉप होता तो गावड्यांचा बोटीवरचा जुना. ऐन झटापटीत तो गोठायचा. मग ती मरायची, ती शत्रूमुळे नाही, लॅपटॉपमुळे.

“तीन शाळा बदलल्या मी,” ती म्हणाली. “कुठल्याच टीममध्ये नव्हते कधी. ह्यात मला खरंच येतं, मावशी.” हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. तिला येतं ह्यात मला शंका नव्हती. आम्हाला येतं का, ही शंका होती.

फाटकांनी मान डोलावून वहिनींना विचारलं, “वहिनी, तुमच्या काही अपेक्षा?”

वहिनींच्या होत्या. डबा हॉलमध्ये राहील, बेडरूममध्ये नाही. डब्यात रंगीत दिवे नकोत. दारातून आत आलेल्या माणसाला तो दिसता कामा नये. आणि धूळ पुसता आली पाहिजे. कॉम्प्युटरला डबा म्हणायची सुरुवात तिथे झाली ती आजपर्यंत.

संध्याकाळी फाटकांनी मिनिट्स पाठवल्या. ‘अत्यावश्यक’ ह्या रकान्यात चार मुद्दे होते, चारही वहिनींचे. ‘जमल्यास’ ह्या रकान्यात एकच मुद्दा होता: गेम चालणे.

*

देवधरांचा स्वभाव कळायला पुलाउ उबीनचा किस्सा पुरेसा आहे. आम्ही सगळे बमबोटीने, म्हणजे छोट्या लाकडी मोटरबोटीने, त्या बेटावर गेलो होतो. जेट्टीबाहेर सायकली भाड्याने देणाऱ्यांची रांग आहे. आम्ही पहिल्या दुकानातून सायकली घेतल्या आणि निघालो. देवधर म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी जरा बघून घेतो.”

आम्ही खाणीच्या तळ्यापर्यंत गेलो, गावातली जुनी घरं बघितली, शहाळी प्यायलो आणि दोन तासांनी परत आलो. देवधर चौथ्या दुकानात गिअर तपासत होते. आम्हाला बघून म्हणाले, “पहिल्याचे ब्रेक चांगले होते, पण तिसऱ्याकडे पुढच्या आठवड्यात नवीन सायकली येणार आहेत.”

तर ग्राफिक्स कार्ड निवडायचं काम फाटकांनी ह्या माणसाला दिलं. देवधरांनी तीन आठवडे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की मार्चमध्ये नवीन कार्डं येतील, तेव्हा आत्ताची स्वस्त होतील, म्हणून थांबावं. पण मार्चमध्ये घेऊ नये, कारण जूनमध्ये मार्चची स्वस्त होतील.

“काका, ट्रायल फेब्रुवारीत आहे,” केतकी म्हणाली. “तोपर्यंत मी काय करू?”

देवधरांनी खरोखर विचार केला. म्हणाले, “अभ्यास.”

*

डिसेंबरात आम्ही दुकानं बघायला गेलो. नुसत्या कॉम्प्युटरच्या दुकानांचे मजल्यावर मजले असलेला एक मॉल आहे. प्रत्येक दुकानाबाहेर किमतींचे छापील कागद लटकत असतात आणि कॉलेजची मुलं त्यांवर पेनाने खुणा करत फिरतात. केतकीच्या हातात तिची स्वतःची यादी होती. फाटकांच्या हातात फोल्डर होतं. त्यात एक तक्ता होता, मोठ्या कागदावर छापलेला: अठ्ठावीस निकष, प्रत्येकाला वजन, प्रत्येक दुकानाला गुण.

पहिल्याच दुकानात काउंटरमागे एक वयस्कर चिनी गृहस्थ नूडल्स खात होते. फाटकांनी त्यांना दुकान किती वर्षं आहे, माणसं किती, तक्रार आली तर किती तासांत उत्तर देता, असं सगळं विचारलं. ते गृहस्थ एकेक घास खाऊन उत्तर देत होते. शेवटी फाटकांनी तीन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागितले.

त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. “Sir,” ते म्हणाले, “you want to buy computer or you want to marry my daughter?”

फाटकांनी तक्त्यात त्या दुकानाला ‘सहकार्य’ ह्या निकषात दहापैकी चार दिले. केतकी मात्र बाहेर पडताना मागे राहिली आणि त्या गृहस्थांशी दोन मिनिटं बोलून आली. काय बोललीस विचारलं तर म्हणाली, “काही नाही, मावशी. डिस्प्लेचा केस आहे, कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, थोडा स्क्रॅच झालाय. अर्ध्या किमतीत देतायत.”

*

जानेवारीत फाटकांचा तक्ता सहाव्या आवृत्तीवर पोचला आणि केतकीचा मला एकटीला फोन आला. “मावशी, बुओना व्हिस्टाच्या एमआरटी स्टेशनवर येशील? गेटपाशी. एकजण ग्राफिक्स कार्ड विकतोय, सेकंडहँड. तू टेस्टिंगमध्ये आहेस ना?”

मला बोलावणं आलं ह्याचा मला आनंद झाला, हे कबूल करते. लंच अवरमध्ये गेले. विकणारा मुलगा विद्यापीठातला, खांद्याला गिटार. मी त्याला कार्ड का विकतोस, कधी घेतलंस, किती तास चालवलंस, कधी पडलं होतं का, घरात कुणी सिगरेट ओढतं का, असं सगळं विचारलं. त्याने फोनवर कार्ड चालतानाचा व्हिडिओ दाखवला. मी व्हिडिओत मागे भिंतीवर कॅलेंडर आहे का ते बघितलं. होतं. महिना बरोबर होता.

“Your auntie,” तो शेवटी केतकीला हळूच म्हणाला, “she police ah?”

कार्ड घेतलं. परत जाताना केतकीने सांगितलं की बाकीचे भाग तिने आधीच जमवलेत. केस त्या नूडल्सवाल्यांकडून. प्रोसेसर आणि बोर्ड एका सीनिअरकडून. मॉनिटर सुट्टीत एका चौथीतल्या मुलीला शिकवून मिळालेल्या पैशांतून, म्हणजे बाबांच्या हजारात बसवायला नको. हे कार्ड शेवटचं.

“अगं, मग फाटक काकांना सांगितलं नाहीस?”

“ते एवढं मनापासून करतायत,” ती म्हणाली. “वाईट वाटेल त्यांना.”

दुसऱ्या दिवशी तिने डायनिंग टेबलावर सगळं पसरून कॉम्प्युटर जोडला. टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली फाटकांचा मोठा तक्ता अंथरला होता. अठ्ठावीस निकषांवर अठ्ठावीस स्क्रू मांडले होते. तक्त्याचा एवढा उपयोग कुणालाच झाला नव्हता.

*

आता वहिनींचं. तुमच्याही घरी असेल हे: टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. वहिनींच्या घरात उघडी वस्तू म्हणजे फक्त माणसं. त्यांना तो डबा पसंत नव्हताच. मुलगी पहिल्या वर्षाला आहे, गेम खेळून वाया जाईल, आणि बाप समुद्रात बसून लाड करतो, असं त्या उघड म्हणायच्या. पण वस्तू घरात आली म्हटल्यावर तिला कव्हर पाहिजे. जुन्या नारायणपेठी साडीचं त्यांनी शिवलं. खाली जरीचे काठ, वरती हात घालायला भोक. दारातून पाहिलं तर देवघर वाटावं इतकं सुंदर.

केतकी खेळताना कव्हर काढायची. ती उठून पाणी प्यायला गेली की वहिनी घालायच्या. डबा चालू असला तरी. आत गरम होतं म्हणून केतकीने दोनदा सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मिक्सरपण गरम होतो.”

*

फेब्रुवारीत चायनीज न्यू इयर लागलं आणि दुसऱ्या दिवशी गावड्यांची बोट सिंगापूरला आली. पण धक्क्याला नाही, ईस्ट कोस्टसमोर समुद्रात, नांगरावर. जनरेटर उघडून ठेवलेला, त्यामुळे चीफ इंजिनिअरला खाली उतरायला परवानगी नाही. घरापासून दहा किलोमीटरवर माणूस, आणि चार महिन्यांनी फक्त फोनची रेंज मिळालेली.

त्यांनी फोनवर खूण सांगितली: लाल बूड, पांढरी केबिन, डावीकडून सातवी. आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो आणि हात हलवले. वहिनींनी ओढणी हलवली. वीसेक मिनिटं हे चाललं होतं. मग गावड्यांचा फोन आला.

“मी दुर्बिणीतून बघतोय,” ते म्हणाले. “तुम्ही त्या कोरियन टँकरला का हात करताय?”

मोजणी फाटकांनी केली होती.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी डबा बंद पडला. म्हणजे चालू व्हायचा, गेम सुरू झाला की पाच मिनिटांत आपोआप बंद. ट्रायल दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. केतकीचा आवाज फोनवर इतका शांत होता की मी चप्पल घालतच निघाले.

कमिटी जमली. फाटकांनी आधी तो डबा आला कधी, हे विचारलं, मग मिळालेलं उत्तर गिळलं आणि म्हणाले, “आधीचे लॉग्ज काढा.” देवधर म्हणाले, “म्हणून मी थांबा म्हणत होतो.” मी बिघाड तीनदा घडवून दाखवला आणि वेळा लिहून ठेवल्या. आम्ही तिघांनी जे येत होतं ते सगळं केलं. त्यातून काही झालं नाही.

केतकीने बाबांना फोन लावला. मागे हातोड्याचे आवाज येत होते. तिने सांगितलं तसं गावडे म्हणाले, “स्क्रूड्रायव्हर आहे? लांब दांड्याचा? टोक पंख्याजवळच्या पत्र्याला लाव आणि मूठ कानाला लाव. काय ऐकू येतं?” बोटीवर बेअरिंग असंच ऐकतात म्हणे. केतकी लहानपणी बोट धक्क्याला असताना बाबांबरोबर इंजिन रूममध्ये हे शिकली होती. तिने ऐकलं, मग फोनच मुठीला लावला.

बोटीवरचे हातोडे थांबले. गावडे अर्धा मिनिट ऐकत होते.

“पंख्याच्या दांड्याला काहीतरी गुंडाळलंय,” ते म्हणाले. “बेअरिंग गेलं. उघडून बघ.”

केतकीने बाजूचा पत्रा काढला. त्या पत्र्याला प्रोसेसरच्या पंख्यासमोरच जाळी होती. पंख्याच्या दांड्यावर घट्ट गुंडाळलेला होता जरीचा धागा. नारायणपेठीचा. हातभर निघाला.

केतकीने धागा टेबलावर ठेवला. तिने आईकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला वाटतं वहिनींना तेच जास्त लागलं. नवा पंखा मिळणं शक्य नव्हतं. न्यू इयरला सगळा मॉल बंद, नूडल्सवाले त्यांच्या बहिणीकडे मलेशियात इपोहला. वहिनी उठल्या, कव्हर घडी करून कपाटात ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही निघालो तरी बाहेर आल्या नाहीत.

*

चौथ्या दिवशी पावणेदोनला मी पोचले तर दार उघडंच होतं. फाटक आणि देवधर सोफ्यावर शाली पांघरून बसले होते. हॉलचा एसी अठरावर होता. त्या घरात दुपारी एसी लावलेला मी पहिल्यांदा पाहिला.

डब्याचा पत्रा काढलेला. समोर स्टुलावर वहिनींचा टेबल फॅन, फुल स्पीडवर, डब्याच्या पोटात तोंड करून. त्याच्या शेजारी खुर्चीवर वहिनी. एका हातात स्क्रूड्रायव्हर, मांडीवर गावड्यांच्या कपाटातलं कोरं लॉगबुक, बोटीवर वॉचच्या, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत भरतात तसे रकाने आखलेले: वेळ, तापमान, आवाज, शेरा. फोन स्पीकरवर, डब्यावर ठेवलेला. त्यातून हातोडे ऐकू येत होते.

“वहिनी, काही मदत?” मी विचारलं.

“बोलू नकोस, मेधा,” त्या म्हणाल्या. “मी वॉचवर आहे.”

दोन वाजता केतकीने हेडफोन लावला आणि सुरू झालं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत होता. दर पंधरा मिनिटांनी वहिनी चष्मा वर करून आकडा बघायच्या, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायच्या, लिहायच्या आणि फोनमध्ये सांगायच्या. “सव्वादोन. एकाहत्तर. आवाज ठीक.” पलीकडून गावडे म्हणायचे, “ओके.” मी वाकून वही बघितली. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘केतकी ओरडली. कारण कळले नाही.’

तीन वाजून वीस मिनिटांनी आकडा चढायला लागला. ऐंशी, चौऱ्याऐंशी. केतकी स्क्रीनमध्ये घुसलेली, तिला काही दिसत नव्हतं. फाटक उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“अहो, एकोणनव्वद,” वहिनी म्हणाल्या.

“स्टूल पुढे घे. चार बोटं अंतर. फॅन थोडा तिरका कर, हवा बाहेर निघायला वाट पाहिजे. घाई करू नकोस.”

मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, “चीफसाब, जनरेटर चढाएँ?” गावडे म्हणाले, “रुको. इधर लोड पे है.”

वहिनींनी स्टूल सरकवलं. नेमकं किती, ते त्यांना माहीत असल्यासारखं, एकदाच. ते चार महिने त्या बोटीवर नुसता डिझेलचा वास घेत नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आकडा तसाच राहिला. मग शहाऐंशी. मग ऐंशी. देवधरांनी शाल तोंडाला लावली होती. वहिनींनी शेऱ्यात लिहिलं, ‘फॅन सरकवला.’

चार वाजायला दोन मिनिटं असताना केतकीने हेडफोन काढला आणि तशीच बसून राहिली. मग खुर्ची फिरवली.

“आई,” ती म्हणाली, “घेतलं मला.”

वहिनींनी हात वर केला. “थांब. चारचं रीडिंग राहिलंय.”

आम्ही सगळे थांबलो. केतकीसुद्धा. घड्याळात चार झाले. वहिनींनी चष्मा वर केला, आकडा बघितला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ऐकलं. मग लिहिलं.

“अहो, ऐकताय? चार वाजता, चौसष्ट. आवाज ठीक. तिला घेतलं.”

फोनमधले हातोडे थांबले. मग गावडे म्हणाले, “ओके.”

वहिनींनी लॉगबुकात खाली सही केली, पेनाला टोपण लावलं, फोन तोंडाजवळ घेतला आणि म्हणाल्या, “फिनिश्ड विथ इंजिन.”

टेबल फॅन त्यांनी आणखी दहा मिनिटं चालू ठेवला.